पाव्हण्यांचा वाफा

उकंडराव लोणारेनं आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, चपला काढल्या, वाकून मातीला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या वावरात पाय ठेवाचा म्हणजे देवळात आल्यासारखं वाटते."

"चपला घाला उकंडभाऊ, काटे आहेत," मी म्हटलं.

तो हसला. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशाला पेन. केस काळे केलेले. इतक्या वर्षांत त्याचं वजन वाढलं होतं, पण हसू तेच होतं. ते हसू मी एकदा अगदी जवळून पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

त्याच्यामागून समितीची माणसं गाड्यांतून उतरत होती. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्याचं नवं धोरण ठरवायला नेमलेली ही समिती, आणि तिची अध्यक्ष मी. सुरुवात केली होती 'नांगरट' नावाच्या शेतीच्या साप्ताहिकात. एस.टी.नं गावोगाव हिंडायचं, बांधावर बसून माणसं बोलती करायची आणि रात्री कंदिलाच्या उजेडात बातम्या लिहायच्या. पुढे मोठ्या दैनिकाचं शेतीचं पान माझ्याकडे आलं, मग सरकारी बैठकांची बोलावणी, मग समित्या. लोक म्हणत, कुंदा बिजवे फार वर गेली. मी का वर गेले हे फक्त मला माहीत होतं. मला एका माणसाला खाली पाहायचं होतं.

तो माणूस आज आमच्या वावरात जेवायला आला होता.

बाबा पुढे झाले. अठ्ठ्याहत्तरीचे, वाळलेले, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. "या उकंडभाऊ, या. हात धुवा. रोडगे तयार हायेत," म्हणाले. स्वतः तांब्या घेऊन त्याच्या हातावर पाणी घालायला लागले. मी तोंड फिरवलं. बाबांचा हा चांगुलपणा मला कधीच सोसला नाही.

मला बाबांचा राग का यायचा ते सांगायला हवं.

आमचा वरूड-मोर्शीचा पट्टा संत्र्याचा. इथं माणसाची किंमत त्याच्या हातावरून ठरते. नवी बाग लावायची तर गावातल्या ज्याचा हात चांगला त्याला बोलावतात, पहिलं कलम त्याच्या हातानं लावतात, मग बाकीची घरची माणसं लावतात. माझ्या लहानपणी जामठी गावात पहिलं कलम लावायला बाबांनाच बोलावणं यायचं. आसपासच्या गावांतूनही यायचं. बाबा धुतलेलं धोतर नेसून जायचे, कलम लावायचे, गुळाचा खडा तोंडात टाकून परत यायचे. त्यांना दुसरा मान माहीत नव्हता, आणि नकोही होता.

आमची स्वतःची बाग लावली ती उकंडरावच्या कलमांची. टेंभुर्ण्याची त्याची 'वरदायिनी रोपवाटिका' तेव्हा जोरात होती. बाग पोरासारखी वाढवली. पहिला भरघोस बहार झाडांवर आला आणि त्याच हंगामात झाडांच्या बुडातून डिंक गळायला लागला. आमच्याकडे त्याला डिंक्या म्हणतात. फळं अंगावर असताना झाडं उभ्या उभ्या वाळली. बाबांनी ती आपल्या हातानं तोडली, कुणाला हात लावू दिला नाही.

संत्र्याचं कलम म्हणजे एका झाडावर बसवलेलं दुसरं झाड. खाली जंबेरी लिंबाचा खुंट असतो, त्याच्या सालीला चीर देऊन तिथं संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोवळा अंकुर, बांधतात. तो जमिनीपासून वीतभर वर बांधला तर जोड कोरडा राहतो आणि झाड माणसाच्या उमेदीइतकं जगतं. बुडाशी बांधला तर जोडाला ओल लागते आणि डिंक्या झाड खातो. तरी बुडाशी बांधतात, कारण तिथं खुंट लवकर जाड होतो आणि कलम एक हंगाम आधी विकायला निघतं. हे मला 'नांगरट'च्या कामात कळलं. मी हिंडले, मेलेल्या बागा पाहिल्या, प्रत्येकाला कलमं कुठली ते विचारलं. बहुतेक ठिकाणी एकच नाव निघालं. मी ते नाव छापलं.

आठवड्याच्या आत उकंडराव आमच्या संपादकांसमोर बसला होता. त्याच्यासोबत कोण कोण होतं ते सांगत नाही, पण संपादक देवपुजारी उठून उभे राहिले होते. मला बोलावलं आणि म्हणाले, "कुंदा, शेतकरी मेळाव्यात माफी वाचायची. नाहीतर हे साप्ताहिक बंद."

"मी नाही वाचणार," मी म्हटलं.

घरी आले तर बाबांना आधीच कळलं होतं. ते ओट्यावर बसून दोर वळत होते. म्हणाले, "वाचून टाक वं पोरी. त्याचा काय दोष? पाणी माह्याच हातून जास्त गेलं असन."

"बाबा, डोळा बुडाशी होता. मी पाह्यलं."

"आपल्या गावात सगळ्यांचेच बुडाशी हायेत. काही जगले नं? मंग?" दोराला पीळ देत ते थांबले. "माह्या एकट्याचीच बाग अशी साफ गेली. हाताचंच हाय ते."

त्यांनी असं म्हटल्यावर माझ्या हातातलं बळच गेलं. ज्यांच्यासाठी भांडायचं तेच गुन्हा कबूल करून बसले होते. मी वाचलं. तालुक्याच्या गावी, मांडवात, माईकवर. माझा आवाज कापला नाही, एवढंच एक समाधान.

वाचून झाल्यावर उकंडराव उठला. माईक हातात घेतला आणि ते हसू हसला. "तुळशीरामजी बिजवे पुढंच बसले हायेत. देवमाणूस! लेकराले जास्त जेवू घालावं तसं झाडाले पाणी पाजलं. आता बाप्पा, झाडाचा काय दोष अन् कलमाचा काय दोष? हाताले यश असाव लागते."

मांडव हसला. पुढच्या रांगेत बाबाही हसले. ओशाळे हसले, मान खाली घालून. ते हसणं मी वरून पाहिलं.

मग उकंडरावनं मला शाल घातली, नारळ दिला आणि एक कलम हातात ठेवलं. आमच्याकडे पाहुण्याला हार-गुच्छ देत नाहीत, संत्र्याचं कलम देतात. "गैरसमज मिटला. आमच्या लेकीले आमच्याकून भेट," तो म्हणाला. फोटो निघाला. त्या फोटोत मी ते कलम छातीशी धरलेलं आहे आणि माझे दात दिसतात. लोकांना ते हसू वाटलं.

परतीच्या एस.टी.त मी ते कलम खिडकीबाहेर फेकायला निघाले. बाबांनी माझा हात धरला आणि कलम आपल्या मांडीवर घेतलं. वाऱ्यानं पानं फाटू नयेत म्हणून दुपट्टा त्याच्याभोवती धरून बसले.

"त्याचं झाड आपल्या वावरात लावायचं, बाबा?"

"झाडानं काय केलं?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मग मला सुचलं. "बरं. लावा. तेही तसंच मरन. मेलं की मी पुन्हा छापीन."

रिकाम्या झालेल्या वावरात, विहिरीजवळ, आम्ही दोघांनी एकाच खड्ड्यात ते कलम लावलं. मी माती लोटली ती ते मरावं म्हणून. बाबांनी दाबली ती ते जगावं म्हणून. मेळाव्याच्या त्या दिवसापासून त्यांना कुणीही पहिलं कलम लावायला बोलावलं नाही.

झाड मेलं नाही.

दर दिवाळीला मी गावी जायची, आधी त्याच्या बुडाशी वाकून डिंक शोधायची. नाही. पुढच्या वर्षी, नाही. बाबा त्याला तांब्यानं पाणी द्यायचे. बोटांनी माती उकरून ओल पाहायची आणि मगच द्यायचं. बाकी वावरात तूर-कपाशी आली, पण ते एक झाड त्यांनी बापाच्या श्राद्धासारखं पाळलं. मला दाखवायचे. "पाह्य कुंदे, पाणी बेतानं देल्लं तं जगलं नं? तवा चुकलो मी. आता हात सुधरला." असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. झाडाच्या प्रत्येक नव्या फांदीनं उकंडराव खरा आणि बाबा खोटे ठरत होते.

मग एका हिवाळ्यात त्या झाडाखाली बसून मी संत्रं सोलत होते. तोवर मी देशभरच्या रोपवाटिका पाहिल्या होत्या, नजर तयार झाली होती. सहज खोडाकडे पाहिलं आणि सोललेली फोड हातातच राहिली. जोड वीतभर वर होता. त्याच्या खालची साल वेगळी होती. बुडाला फुटलेल्या कोंबाचं पान चुरगाळून वास घेतला. तो जंबेरीचा वास नव्हता. हा रंगपूर लिंबाचा खुंट होता, डिंक्याला दाद न देणारा, त्या काळी या पट्ट्यात कुणी वापरत नव्हतं असा.

मी तिथंच बसून राहिले. म्हणजे त्याला माहीत होतं. खुंट कोणता घ्यावा, डोळा कुठं बांधावा, सगळं माहीत होतं. मंचावर द्यायचं कलम त्यानं जगेल असं केलं होतं. आम्ही विकत घेतलेली कलमं मरतील अशी केली होती. आणि मग माझ्या बापाच्या हातावर मांडवभर लोकांना हसवलं होतं. अज्ञान असतं तर कदाचित मी सोडून दिलं असतं. कदाचित.

बाबांना मी काही सांगितलं नाही. छापलंही नाही. छापून काय होतं ते एकदा पाहिलं होतं. मला ते त्याच्याच तोंडून हवं होतं, चार माणसांत आणि बाबांच्या देखत. त्यासाठी थांबायची माझी तयारी होती. राग जपून ठेवायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

तर त्या दिवशी सकाळी तालुक्याच्या सभागृहात समितीची बैठक झाली. धोरणाच्या मसुद्यात दोन कलमं मी स्वतः लिहिली होती. ज्यानं न कळता सदोष कलमं विकली, त्याला प्रशिक्षण द्यायचं, मुदत द्यायची, परवाना राहू द्यायचा. ज्यानं कळून-सवरून विकली, त्याचा परवाना काढून घ्यायचा. रोपवाटिकाधारक संघाचा अध्यक्ष म्हणून उकंडराव उठला आणि असा बोलला की माझाच विश्वास बसायला लागला.

"आमी अडाणी माणसं जी. बापानं जसा डोळा बांधला तसा आमी बांधला. वर बांधाव हे आमाले शिकवलं कोणं? आता तुमी शिकून राह्यले तं आमी शिकतो. पण आधी शिकवा, मंग कायदा लावा. न कळता केलेल्या गोष्टीची फाशी नका देऊ." शेवटी त्याचा आवाज भरून आला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. समितीतले फळशास्त्रज्ञ डॉ. मोहरील माझ्याकडे झुकून म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. सरसकट सगळ्यांना पहिल्या कलमात घेऊ."

"दुपारी ठरवू," मी म्हटलं. "जेवण आमच्या वावरात आहे."

झाडाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. आंबिया बहाराची फळं पिकली होती. फांद्या इतक्या लवल्या होत्या की बाबांनी बांबूचे टेकू दिले होते. वावरात तुरी उभ्या, आणि मध्ये हे एकच झाड, पिवळ्या फळांनी लगडलेलं. जो येई तो आधी मान वर करून बघे. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, तूप, वांग्याची भाजी आणि वरण. बाबा वाढत होते, बसा म्हटलं तरी बसत नव्हते.

डॉ. मोहरील जेवता जेवता खोडाकडे बघत होते. मला तेच हवं होतं. बातमीदारीनं मला एक गोष्ट शिकवली होती. माणसाला विचारलं की तो लपवतो. त्याच्या कामाचं श्रेय दुसऱ्याला दिलं की तो आपणहून बोलतो.

मी विचारलं, "डॉक्टर, हे झाड कुठलं असेल हो?"

ते ताट बाजूला सारून वाकले. "आमच्या संशोधन केंद्राचं. उघड आहे. डोळा बघा किती वर आहे. आणि हा खुंट रंगपूर दिसतो. त्या काळात खासगी नर्सरीवाल्याच्या हाताला हे जमण्यातलं नव्हतं. सकाळी ऐकलंत ना, कुणी शिकवलंच नव्हतं त्यांना."

"खरंय," मी म्हटलं. "केंद्राच्या माणसांचा हातच वेगळा. आमच्या इकडच्यांना कुठून येणार?"

उकंडराव चावायचा थांबला. तो खोडाकडे बघत होता, आणि त्या नजरेवरून त्याला ते झाड ओळखू आलं की नाही ते मला कळेना. मी रोडग्याचा तुकडा मोडला आणि खाली बघत राहिले.

"केंद्राचं नाही हे," तो म्हणाला.

डॉक्टर हसले. "अहो, जोड बघा जरा."

"तेच तं पाहून राह्यलो." तो उठला. हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला, झाडाजवळ गेला आणि जोडावरून पंजा फिरवला. गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. "या, हात फिरवा. कुठं सूज लागते? साल सालीले कशी भेटली पाहा. केंद्रातले पोरं बांधतात त्या जोडाले ही एवढी गाठ येते. आमच्या बापाले बी असा डोळा बांधता येत नव्हता. अन् रंगपूर म्हणता? या पट्ट्यात रंगपूरवर तवा कोण बांधे? नाव सांगा एक."

"कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यानं जोडावरचा हात काढून घेतला. क्षणभर मला वाटलं, निसटला. आणि तेवढ्यात वरणाचं भांडं घेऊन बाबा आले. त्यांच्या मनात काहीच नव्हतं. ते साधेपणानं म्हणाले, "तुमचंच हाय ते, उकंडभाऊ. मेळाव्यात कुंदीले देल्लं होतं नं तुमी?"

"अस्सं!" उकंडरावचं तोंड फुललं. तो सगळ्यांकडे वळला. "म्हणलं होतं का नाही? पाव्हण्यांच्या वाफ्यातलं हाय हे! डॉक्टरसाहेब, आमच्याकडे पाव्हण्यांचा वाफा वेगळा राहे. मंत्री आले, कलेक्टर आले, मोठे पाव्हणे आले तं त्याईले द्याची कलमं त्या वाफ्यातली. तिथं गड्याले हात लावू देत नव्हतो. डोळा मी सोता बांधो, वीतभर वर."

"वीतभर वर कशाला, उकंडभाऊ?" मी विचारलं. आवाज शक्य तितका मऊ ठेवला.

"आता ताई, तुमाले माहीत नाही काय? खाली बांधला तं डिंक्या लागते नं झा—"

तो थांबला.

कुणाच्या तरी हातातला चमचा ताटावर आपटला. डॉ. मोहरील त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "पण लोणारे, सकाळी तर तुम्ही..."

"नाही, म्हणजे तवा... ऐकीव होतं जी. पक्कं कोणाले माहीत होतं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. आता त्याला कळलं होतं की हे जेवण कशाचं होतं. त्याच्या तोंडावरचं हसू पुसलं गेलं. मी ते शेवटपर्यंत पाहिलं, डोळे न मिटता. इतकी वर्षं थांबल्याचं चीज झालं.

पण मला आणखी एक हवं होतं. "बाबांची बाग कोणत्या वाफ्यातली होती, उकंडभाऊ?"

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला.

"सांगा ना. पाव्हण्यांच्या?"

"इक्रीच्या वाफ्यातली," तो पुटपुटला.

बाबांनी वरणाचं भांडं खाली ठेवलं. सांडू नये म्हणून नीट बघून ठेवलं. मग मला विचारलं, "म्हणजे ते पाणी नव्हतं?"

"नाही बाबा. पाणी नव्हतं. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता. कधीच नव्हता."

या वाक्याची मी किती वर्षं तयारी केली होती. मला वाटलं होतं, ते ऐकून बाबा ताठ होतील, निदान डोळे पुसतील. ते झाडाकडे बघत होते. त्यांनी खोडावर हात ठेवला, बरोबर जिथं मघाशी उकंडरावचा होता तिथं.

"अन् हे?" ते म्हणाले. "हे बी मंग माह्या हातानं नाही जगलं."

त्यांनी जोडाखालची साल बोटांनी चाचपली.

"मेले ते बी माह्यानं नाही. जगलं ते बी माह्यानं नाही." ते हे कुणाला सांगत नव्हते, स्वतःशी घोळवत होते. मग त्यांनी हाताजवळच्या फांदीचं एक संत्रं तोडलं, दुपट्ट्यानं पुसलं आणि उकंडरावच्या हातात ठेवलं. "घ्या. तुमचंच हाय."

आणि ते विहिरीकडे निघून गेले.

उकंडराव ते संत्रं हातात घेऊन उभा राहिला. खाता येईना, ठेवता येईना, फेकता येईना. गाडीत बसेपर्यंत ते त्याच्या हातात होतं.

दुपारच्या बैठकीत मी मत दिलं नाही. माझं त्याच्याशी वैर आहे, मी मत देणार नाही, असं सरळ सांगितलं. गरजही पडली नाही. ठराव डॉ. मोहरीलांनीच मांडला. धोरण लागू झालं आणि पहिल्या फटक्यात ज्यांचे परवाने गेले त्यांत 'वरदायिनी' होती. संघाचं अध्यक्षपदही गेलं. टेंभुर्ण्यातले त्याचे वाफे ओस पडले. मी मुद्दाम त्या रस्त्यानं गाडी न्यायला सांगायची. ड्रायव्हरला वाटायचं, मॅडमना लांबचा रस्ता आवडतो.

पण बाबांनी त्या झाडाला पाणी देणं सोडलं. माती उकरून ओल पाहणं सोडलं. झाडाला काही झालं नाही, त्याची मुळं केव्हाच विहिरीच्या ओलीला लागली होती. ते बाबांवर कधी अवलंबून नव्हतंच. बाबा ओट्यावर बसून राहायचे. मी उकंडरावचा परवाना घेतला होता, पण त्यानं जे नेलं होतं ते परत आलं नव्हतं. हे मला कळलं तेव्हा माझा राग कमी झाला नाही, दुप्पट झाला.

गावात ती गोष्ट पसरली. हंगामाच्या तोंडाशी शेजारचे गुलाबराव घरी आले, म्हणाले, "तुळशीरामजी, नवी बाग लावून राह्यलो. पहिलं कलम तुमच्या हातानं." इतक्या वर्षांनी आलेलं पहिलं बोलावणं. मी आत चहा टाकत होते, कप हातातच धरून ऐकत राहिले.

"नाही," बाबा म्हणाले. "हात कसा हाय ते मलेच माहीत नाही. तुमाले कसा देऊ? आधी पाहू द्या." गुलाबराव गेल्यावर मला हाक मारली. "कुंदे, चांगली कलमं आणून दे मले. वर डोळा बांधलेली, पारखून आणलेली. वावरात लावतो. आता कोणाचा दोष नाही, कोणाचं पुण्य नाही. आता कळन."

"बाबा, संत्र्याला फळ धरायला किती वर्षं लागतात?"

"मले इचारतं?" ते म्हणाले आणि कित्येक महिन्यांनी हसले.

त्या कलमांचा दुसरा हिवाळा चालू होता तेव्हा उकंडराव आला. एकटा, पायी. केस काळे करणं सोडलं होतं. धुऱ्यावर चपला काढल्या, पण या वेळी मातीला हात लावला नाही. बाबा पलीकडे एका रोपाला आळं करत होते. रोपं जेमतेम त्यांच्या कमरेला लागत होती.

"ताई, परवाना परत भेटाचा तं तुमच्या समितीची शिफारस लागते म्हणतात."

"लागते."

"वाफे वाळले. पोरगा रिकामा हाय. माह्या हातात अजून तोच हुन्नर हाय, तुमीच पाह्यलं. आता वरच बांधीन, जे म्हणान ते लिहून देतो. किती दिवस अजून?"

मी रोपांकडे बोट केलं. "ही झाडं दिसतात? यांना फळ येऊ द्या. ते फळ बाबा आपल्या हातानं तोडतील, खातील, आणि म्हणतील गोड आहे. त्या दिवशी या. शिफारस तयार ठेवते."

त्यानं रोपांकडे पाहिलं. जन्मभर कलमं बांधलेला माणूस तो. मग आळ्यात वाकलेल्या बाबांकडे पाहिलं, त्यांच्या थरथरत्या हातांकडे, मातीला टेकून उठताना लागणाऱ्या वेळाकडे. त्याला हिशेब समजावून सांगावा लागला नाही. त्यानं चपला हातात घेतल्या आणि तो धुऱ्यावरून परत निघाला.

मी वळले तर बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता रागावतील. म्हणतील, सोड वं पोरी, त्याचा काय दोष.

त्यांनी हातातलं खुरपं खाली टाकलं. कमरेवर हात ठेवून उकंडरावच्या पाठीकडे बघत म्हणाले, "कुंदे, आवाज दे त्याले. म्हणाव, तुळशीराम एवढ्यात मरत नाही."

उकंडराव अजून हाकेच्या टप्प्यात होता. पण मला त्याला तेवढीही आशा द्यायची नव्हती. मी आवाज दिला नाही.